बीजक खोडता येत नाही

बीजक ग्राहकाच्या हाती गेले की ते एकट्या विक्रेत्याचे राहत नाही. हिशेबाच्या इतिहासात ही जाणीव फार जुनी आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या लुका पाचोलीच्या ग्रंथात, चुकीच्या खात्यात पडलेली नोंद कशी सुधारावी, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. उपाय साधा : चुकीची नोंद तशीच ठेवावी, तेवढ्याच रकमेची उलट नोंद करावी आणि मग रक्कम योग्य खात्यात मांडावी.

वेबने ही शिस्त सैल केली. १९९९ च्या एचटीटीपी प्रमाणात ‘पुट’ ही क्रिया होती. तिने जुन्या नोंदीच्या जागी सबंध नवी नोंद बसते. २०१० मध्ये आलेल्या ‘पॅच’च्या प्रमाणाने नोंदीतला हवा तेवढाच भाग बदलण्याची सोय झाली. ग्राहकाचा पत्ता बदलायला हे उत्तम. मात्र बीजकातील रक्कम अशीच बदलली, तर आधीचा आकडा मागे उरेल याची हमी या क्रिया देत नाहीत. ती जबाबदारी प्रणाली रचणाऱ्यावर पडते, आणि घाईत तीच विसरली जाते.

भारतात जीएसटीने हा प्रश्न ऐरणीवर आणला, कारण येथे विक्रेत्याच्या बीजकावर खरेदीदाराचे इनपुट टॅक्स क्रेडिट उभे असते. एकाने आकडा गुपचूप बदलला, तर दुसऱ्याच्या कराचा हिशेब कोसळतो. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. विक्रेत्याचे सॉफ्टवेअर एपीआयद्वारे तपशील नोंदणी पोर्टलकडे पाठवते. तेथून ६४ अक्षरांचा आयआरएन आणि अंकीय स्वाक्षरी केलेले बीजक परत येते.

या एपीआयमध्ये बीजक नोंदवता येते, पाहता येते, रद्द करता येते. बदलता मात्र येत नाही. रद्द करायचे तेही २४ तासांच्या आत आणि संपूर्ण. एखादी ओळ वगळण्याची मुभा नाही. रद्द झालेल्या बीजकाचा क्रमांकही त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरता येत नाही. नव्याने एपीआय जोडणारे येथेच हमखास अडखळतात.

मुदत उलटल्यावर रक्कम जास्त लागल्याचे ध्यानात आले, तर विक्रेत्याला क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणजे पाचोलीची उलट नोंदच. ती नोटही पोर्टलवर नोंदवावी लागते, तिला स्वतःचा आयआरएन मिळतो, आणि मूळ बीजकाचा आयआरएन रद्द होत नाही.