चिखल आणि बंपर

पावसाळ्यात चाकणच्या बाजूला काळ्या रानात कधी गाडी घातलीय? चिखल चाकाला असा बसतो की विचारू नका. दख्खनच्या या रेगूर मातीत माँटमोरिलोनाइट गटातलं खनिज असतं. त्याचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाड, पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक. फटींत पाणी शिरलं की माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

याच खनिजाने १९८०च्या दशकात टोयोटाच्या संशोधकांना कामाला लावलं. नायलॉनमध्ये वजनाच्या पाच टक्क्यांहून कमी माती घातली, आणि भाराखाली ६५ अंशांना वाकणारं नायलॉन १५०च्या घरात जाईपर्यंत तग धरू लागलं! १९९०च्या आसपास त्याचं टायमिंग बेल्टचं कव्हर गाडीत बसलंही.

मग पिंपरी-चाकणच्या बंपरमध्ये ही माती का दिसत नाही? कारण बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलिनचा. आणि मिसळणं हा नुसता घुसळण्याचा मामला नाही.

साखर पाण्यात विरघळते, कारण सुटे रेणू पसरले की एन्ट्रॉपी भरपूर वाढते. पॉलिमरची लांब साखळी मात्र फटीत शिरताना आपली वेटोळी मोकळीक गमावते. कॉर्नेलच्या वाया आणि जियानेलिस यांनी १९९७मध्ये हा हिशेब मांडला. मातीला आधी लांब शेपट्यांचे अमोनियम क्षार लावलेले असतात. पापुद्रे दूर झाले की शेपट्या मोकळ्या होतात आणि साखळीचा तोटा साधारण भरून निघतो. मग उरतो एकच प्रश्न, दोघांचं जमतं का? नायलॉनचं जमतं. तेलकट पॉलिप्रॉपिलिनचं नाही, मिक्सर कितीही फिरवा. (टोयोटावाल्यांनी तर आधी छोटे रेणू आत नेले आणि साखळी तिथेच विणली. चलाखी आवडली आपल्याला!)

पुढचा भाग आपल्या पाषाणचा. एनसीएलच्या आशिष लेले आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये पॉलिप्रॉपिलिन आणि मातीमध्ये एक मध्यस्थ घातला: मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलिन. तीन टक्क्यांपुढे माती गेली की वितळलेल्या मिश्रणाचा दाटपणा, अगदी हळू ताणलं तर, हजारपट वाढला. मध्यस्थाविना असं काही नाही. मला जास्त भावला तो त्यांचा निष्कर्ष: हा दाटपणा फटींत अडकलेल्या साखळ्यांमुळे नव्हे, पापुद्र्यांच्या आपसातल्या घर्षणामुळे.

२००२मध्ये जनरल मोटर्सने अशाच मिश्रणाची पायरी आपल्या व्हॅनना लावली. पण मध्यस्थ आणि क्षार लावलेली माती, दोन्ही महाग. त्यामुळे गाड्यांच्या पॉलिप्रॉपिलिनमध्ये आजही सर्रास पडतं ते शंखजिरं. हो, टाल्कम पावडरवालंच.