लीकवरचा पहारा

मी लासलगावकडचा, त्यामुळे कांद्याच्या भाऊबंदांबद्दल जरा जास्तच आस्था. इंग्लंडच्या ईशान्येकडे, अ‍ॅशिंग्टनसारख्या कोळसाखाणींच्या गावांत कबुतरांच्या शर्यती होत, शिडशिडीत व्हिपेट कुत्री पळवली जात. पण खरी ईर्ष्या लीकची. ही कांद्याच्याच कुळातली, जाड बुंध्याची भाजी.

तिथल्या ‘पॉट लीक’चा पांढरा बुंधा सहा इंचांपेक्षा उंच चालत नाही, म्हणून सगळी चुरस जाडीची. सप्टेंबरात कामगारांच्या क्लबात प्रदर्शन भरे. परीक्षक उंची आणि घेर मोजून घनइंचांत निकाल लावत. बक्षिसात घरसामानही असे. मग बायकोचं वाफ्याकडे लक्ष नसेल तरच नवल! खतपाण्याचा मसाला कोणी सख्ख्या भावालाही सांगत नसे. काहीजण बिअरही घालत म्हणे. प्रदर्शन तोंडावर आलं की रात्री वाफ्यावर पहारा, कारण कुणीतरी जळकुटा अंधारात येऊन सुरीने लीक चिरून जाई. चोरी परवडली, हा निव्वळ नीचपणा.

अ‍ॅशिंग्टनची खाण १९८८ मध्ये बंद पडली. लीकची प्रदर्शनं मात्र त्या भागात नंतरही भरत राहिली.