वीज किती लांब पडली? मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा!
वीज चमकली आणि गडगडाट 6 सेकंदांनी ऐकू आला, तर वीज किती लांब? मी ज्यांना विचारतो ते पटकन ‘6 किलोमीटर’ म्हणतात. उत्तर आहे 2. प्रकाश लगेच पोहोचतो, आवाज मात्र सेकंदाला साधारण 340 मीटरच जातो. म्हणून सेकंदांना 3 ने भागायचं. स्टॉपवॉच 30 च्या आत थांबलं तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास आतच राहा. मोबाईल वीज खेचतो हे खोटं बरं का! चार्जिंगला लावलेला फोन मात्र हातात धरू नका, वायरिंगमधून झटका बसू शकतो. मी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप वळवाच्या आधीच टाकून ठेवतो, आसपास वीज पडत असेल तर ते अलर्ट देतं.