निजामिया वेधशाळेचा आकाशपट्टा आणि दीर्घिकांच्या दोन जोड्या

तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत उच्च शिक्षणासाठी या भागाची दृष्टी उस्मानियाकडेच असे. म्हणून येथील आकाशाच्या छायाचित्रणाचा इतिहास शोधू जाता तो बेगमपेठेतील निजामिया वेधशाळेपाशी पोचतो.

नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापिलेली ही वेधशाळा १९०८ मध्ये संस्थान सरकारकडे व १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे आली. १८८७ च्या पॅरिस परिषदेने योजिलेल्या आंतरराष्ट्रीय आकाशनकाशातील दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा तिने अंगावर घेतला. आठ इंची छायाचित्रक दुर्बिणीने १९१४ पासून हे काम पोकॉक आणि त्यांच्यामागून भास्करन यांनी चालविले. प्रत्येक काचेवर आकाशाचा दोन अंश लांबीरुंदीचा तुकडा उमटे. काचेवरच छापलेल्या बारीक चौकटींच्या आधारे एकेका तारकेचे स्थान मोजावे लागे.

याच पट्ट्यात अन्योन्य आकर्षणाने विरूप झालेल्या सर्पिल दीर्घिकांच्या दोन प्रसिद्ध जोड्या आहेत. हस्त तारकासमूहातील एनजीसी ४०३८–४०३९ ही जोडी विल्यम हर्शेलने १७८५ मध्ये पाहिली होती. तिची क्रांती दक्षिण १८ अंश ५२ कला. दुसरी, एनजीसी २२०७ व आयसी २१६३, बृहल्लुब्धकात, दक्षिण २१ अंश २२ कलांवर. परंतु सूची तारकांची होती. तारकेचा प्रकाश काचेवर एका बिंदूत साठतो, दीर्घिकेचा पसरतो. तिची रचना उमटण्यास फार दीर्घ प्रकाशन लागते. सूचीसाठी मात्र काही मिनिटांचे प्रकाशन पुरे होते. यात वेधशाळेचा दोष नव्हे. हबलचा निष्कर्ष १९२५ मध्ये जाहीर होईपर्यंत सर्पिलांचे अंतरच वादग्रस्त होते, आणि ‘नेब्युला’ हा एकच शब्द तेजोमेघ व दीर्घिका या दोहोंसाठी चाले. मराठीने ही दोन नावे वेगळी ठेवली, हे सोयीचे झाले.

पुढे उस्मानियाचेच सलेह मोहम्मद अल्लादिन यांनी टकरणाऱ्या दीर्घिकांच्या गतिशास्त्रावरील आपला निबंध १९६५ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. दीर्घिका परस्परांतून जाताना त्यांच्या गमनाची काही ऊर्जा आतील ताऱ्यांच्या गतीत उतरते, हा त्याचा गाभा. १९७२ मध्ये टूमरे बंधूंनी हस्तातील जोडीची लांब पुच्छे भरतीप्रेरणेची असल्याचे संगणकाने दाखविले. अल्लादिन यांचे संशोधन जुन्या काचांतून निघाले असे मानण्यास मात्र आधार नाही. तो गणिताचा मार्ग होता.

पोकॉकच्या काळी निरीक्षकाला प्रकाशन संपेपर्यंत दुर्बिणीला डोळा लावून बसावे लागे. आज लडाखमधील हानलेची २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बेंगळूरुजवळच्या होसकोटेहून उपग्रहमार्गे चालते. हस्तातील जोडी मध्यमंडलावर येते तेव्हा हानलेहून क्षितिजापासून सुमारे ३८ अंश उंच दिसते, तुळजापुराहून ५३ अंश. ही पंधरा अंशांची उणीव हानलेच्या साडेचार हजार मीटर उंचीवरील विरळ, कोरडी हवा भरून काढते.