बर्फाने वाइन गोठत नाही

आठ वर्षांपूर्वी उन्हाळी पेयांवरच्या एका लेखात मी एक वाक्य लिहून गेलो होतो. रोमचा सम्राट नीरो डोंगरावरून बर्फ आणवत असे आणि त्यात फळे, मध व वाइन घालून गोठवलेले पेय पीत असे, असे ते वाक्य. ते चटकदार होते. वाचकांना आवडले, दोघातिघांनी पुढे आपापल्या लेखांत वापरलेही. मी ते कुठून घेतले होते? दुसऱ्या एका लेखातून. त्या लेखकाने आणखी कुठून तरी. मूळ ग्रंथ मी उघडलाच नव्हता.

ते वाक्य चुकीचे आहे. तशी पहिली शंका मला आमच्या मागच्या अंगणात आली, ग्रंथ त्यानंतर उघडले. हा लेख म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती.

झाले असे, की एप्रिलच्या अखेरीस भाची सुट्टीला आली. येताना महाबळेश्वरच्या शेवटच्या स्ट्रॉबेऱ्या आणि नाशिकच्या रोझे वाइनची बाटली घेऊन आली. वाइन फ्रीझरमध्ये ठेवायची, अर्धवट गोठली की फळे आणि साखर घालून मिक्सरमधून फिरवायची, असा तिचा बेत होता. पाश्चात्त्य शहरांत गेल्या काही वर्षांत या पेयाची मोठी टूम आहे, त्याला ‘फ्रोझे’ म्हणतात. पण दुपारीच वीज गेली. मग मला माळ्यावरचा आइस्क्रीमचा जुना पॉट आठवला. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, वर दांडा. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, गोणपाटात गुंडाळून बत्त्याने कुटली. मी भाचीला म्हटले, आज रोमन पद्धतीने करू, नुसत्या बर्फात.

अर्धा तास आम्ही आळीपाळीने दांडा फिरवला. झाकण काढले तर आत लाल, पातळ, गारेगार पाणी. मी तापमापी घातली, पारा 1 अंशावर होता. गोठण्याचे चिन्ह नाही. आई ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. तिचे वय 86. वाइनला तिने आयुष्यात हात लावलेला नाही आणि त्या डब्यात काय आहे हे तिला पुरते ठाऊक होते. ती एवढेच म्हणाली, “अरे, मीठ घातलंस का? नुसत्या बर्फानं गार होतं, गोठत नाही.”

आम्ही चार किलो बर्फाला किलोभर खडे मीठ घातले. वीस-पंचवीस मिनिटांत दांडा जड झाला. पारा उणे 7 वर गेला आणि डब्यात चमच्याने उचलता येईल असा गुलाबी, रवाळ गोळा तयार झाला.

यात जादू काही नाही. पाणी शून्य अंशाला गोठते. वितळणारा बर्फही शून्य अंशावरच असतो, त्याखाली तो स्वतःहून जात नाही. वाइनमध्ये साधारण 12 टक्के मद्यार्क असतो, त्यामुळे ती गोठू लागायलाच उणे 5 अंशांच्या आसपासची थंडी लागते. साखर घातली की हा आकडा आणखी थोडा खाली जातो. म्हणजे शून्य अंशावरचा बर्फ वाइनभोवती दिवसभर ठेवला, तरी ती गार होईल, गोठणार नाही. बर्फात मीठ मिसळले की गोष्ट बदलते. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू खाली असल्याने बर्फ झपाट्याने वितळू लागतो, वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूला असेल तिथून ओढून घेतो आणि मिश्रण थंड होत जाते. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ या प्रमाणात ते जास्तीत जास्त उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकते. वाइन गोठवायची तर बर्फाला अशा जोडीदाराची गरज असते. त्या रात्री मला प्रश्न पडला तो हा: रोमन लोकांकडे हा जोडीदार होता का?

मग थोरल्या प्लिनीचा ‘नॅचरल हिस्टरी’ काढला. त्याच्या 31 व्या भागात नीरोचा उल्लेख आहे खरा, पण तो पाण्याचा. पाणी उकळायचे, काचेच्या भांड्यात भरायचे आणि ते भांडे हिमात ठेवून गार करायचे, ही नीरोची युक्ती असे प्लिनी सांगतो. हिमाचा गारवा मिळावा पण हिमातले दोष पोटात जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. माझ्या वाक्यातला नीरो हिमात वाइन कालवत होता. प्लिनीचा नीरो हिमाचा कणही पेयात पडू नये म्हणून खटाटोप करतो!

रोमन लोक वाइनसाठी हिम वापरत नव्हते असे मात्र नाही. कवी मार्शलच्या भेटवस्तूंवरच्या द्विपदींत हिम ठेवायच्या गाळणीचा उल्लेख येतो. गाळणीत हिम ठेवायचे आणि त्यावरून वाइन ओतायची. तत्त्वज्ञ सेनेका तर हिमाचा बाजार भरतो, फुकट मिळणाऱ्या वस्तूलाही भाव आला, म्हणून कडाडून टीका करतो. हे सगळे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते, की वर्णन सर्वत्र गार करण्याचे आहे. वाइन हिमातून गाळली की ती थंड होते, हिम वितळून पातळही होते. ती गोठत नाही. हिमात मीठ मिसळून काही गोठवल्याची कृती या तिघांपैकी कोणाकडेच नाही.

नीरोच्या कथेला एक जुळी बहीण आहे. 1533 मध्ये चौदा वर्षांची कॅथरीन द मेदिची फ्रान्सच्या राजपुत्राशी लग्न करून गेली तेव्हा गोठवलेल्या पदार्थांचे इटालियन आचारी सोबत घेऊन गेली, ही ती कथा. ब्रिटिश पाकलेखिका एलिझाबेथ डेव्हिड हिने हिम-बर्फाच्या इतिहासावर वर्षानुवर्षे काम केले. तिच्या मृत्यूनंतर 1994 मध्ये ते ‘हार्वेस्ट ऑफ द कोल्ड मंथ्स’ या नावाने प्रसिद्ध झाले. कॅथरीनच्या कथेला तिने आधारच सापडत नसल्याचे दाखवले. मला या निष्कर्षात पॉटचा पुरावाही जोडावासा वाटतो. 1533 च्या इटलीत गोठवण्याची कृती हाताशी होती का? 1550 मध्ये रोममध्ये ब्लास व्हिलाफ्रांका या स्पॅनिश वैद्याचे पुस्तक छापले गेले. त्याचा विषय पाण्यात सोरा विरघळवून वाइन आणि पाणी थंड करणे हा होता. लग्नाला सतरा वर्षे उलटल्यावरही चर्चा गार करण्याचीच होती.

गोठलेली वाइन मला भेटली ती नेपल्समध्ये. जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता या विद्वानाने ‘माजिया नातुरालिस’ हा ग्रंथ 1558 मध्ये चार भागांत काढला होता. 1589 मध्ये त्याची वीस भागांची वाढवलेली आवृत्ती आली. तिच्या चौदाव्या, पाककलेच्या भागात वाइन गोठवण्याची कृती आहे. उन्हाळ्याच्या मेजवानीत बर्फासारखी थंड वाइन हवी असते, अशी प्रस्तावना करून तो सांगतो: कुपीत वाइन घ्या, ती लवकर गोठावी म्हणून थोडे पाणी घाला, लाकडी भांड्यात हिम टाका, त्यावर सोऱ्याची पूड किंवा सोरा शुद्ध करताना निघणारा गाळ पसरा आणि कुपी हिमात फिरवत राहा. वाइन हळूहळू गोठेल. ती घोटाने पिता येत नाही, श्वासाबरोबर ओढून चोखावी लागते, असेही तो सांगतो.

लाकडी भांडे, हिम, क्षार आणि फिरवणे. आमच्या पॉटचे चारही घटक इथे आहेत. कृतीतले बारकावेही कसोटीला उतरतात. शुद्ध सोरा आणि हिम यांचे मिश्रण फार तर उणे 3 अंशांपर्यंत जाते, म्हणजे नुसत्या वाइनला ते अपुरेच. म्हणूनच देल्ला पोर्ताला वाइनमध्ये पाणी घालावे लागते. पाण्याने मद्यार्काचे प्रमाण घटते आणि गोठणबिंदू वर सरकतो. राहिलेले काम तो गाळ करत असणार, कारण कच्चा सोरा शुद्ध करताना त्यातून जे वेगळे निघते त्यात साध्या मिठाचा मोठा वाटा असतो. नीरोच्या कथेत प्रमाण, भांडे, क्षार यांतले काहीच नाही. ही कृती ज्याने लिहिली त्याने ती करून पाहिली होती, किंवा निदान करताना पाहिली होती.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या त्याच शेवटच्या दशकात, शाही आबदारखान्याचे प्रकरण आहे. तोफेच्या दारूत आग ओकणारा सोरा बादशहाने पाणी थंड करण्याच्या कामी लावला, याचे अबुल फजलला कौतुक आहे. त्याने प्रमाणही दिले आहे. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात मिसळायचा आणि त्यात शेरभर पिण्याच्या पाण्याची सुरई पाव तास हलवत राहायची. दरबार पंजाबात गेल्यावर डोंगरातून लाहोरला हिम येऊ लागले, हेही तो नोंदवतो. आग्ऱ्यात आणि नेपल्समध्ये सोरा एकच, हलवणारा हातही तसाच. पण आग्ऱ्याच्या कृतीत सोरा पाण्यात पडतो, नेपल्सच्या कृतीत हिमावर. पाण्यात पडला की गारवा मिळतो, हिमावर पडला की गोठण मिळते. लाहोरला हिम पोचल्यावर दोन्ही वस्तू एकाच आबदारखान्यात आल्या होत्या, पण त्या एकत्र केल्याचे अबुल फजल लिहीत नाही.

नेपल्समध्ये या कृतीचे पुढे घराघरांतल्या मेजवानीचे शास्त्र झाले. 1690 च्या दशकात अंतोनिओ लातिनी या नेपल्सच्या कारभाऱ्याने आपल्या पाकग्रंथात लिंबू, स्ट्रॉबेरी वगैरे फळांची गोठवलेली सरबते दिली, तेव्हा हिम आणि मीठ ही जोडी तिथे रुळलेली होती.

एकोणिसाव्या शतकात वाइन आणि फळांचे सर्वांत लोकप्रिय उन्हाळी पेय आले ते अमेरिकेतून. त्याचे नाव शेरी कॉब्लर. जेरी थॉमसच्या 1862 च्या पुस्तकात त्याची कृती आहे: दोन ग्लास शेरी, चमचाभर साखर, संत्र्याच्या दोन-तीन चकत्या, पेलाभर किसलेला बर्फ, वर हंगामी फळे. डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’मध्ये नायक ते पहिल्यांदा चाखतो आणि हरखून जातो. ते गवताच्या नळीने ओढून प्यायचे असे. पण इथेही वाइन गोठत नव्हती, किसलेल्या बर्फात ती भिजत होती. म्हणजे मार्शलच्या गाळणीचाच हा वंशज. फरक पडला होता तो बर्फाच्या भावात. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला बर्फ कापून भुशात बांधून जहाजांनी जगभर विकत होता. 1833 मध्ये त्याचा बर्फ चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोचला. 1834 मध्ये अमेरिकन बर्फ मुंबईलाही उतरला आणि पुढे फोर्टात त्यासाठी बर्फघर उभे राहिले. मद्रासचे 1842 चे बर्फघर आजही उभे आहे, त्याला आता विवेकानंदांचे नाव आहे.

बर्फ बॉस्टनहून आला तरी मीठ आणायला कुठे जायचे नव्हते. मुंबईच्या भोवती मिठागरेच मिठागरे. 1843 मध्ये फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईने दांड्याच्या आइस्क्रीम पॉटचे पेटंट घेतले. त्या जातीचे पॉट पुढे आपल्याकडे आले आणि मे महिन्यात अंगणाअंगणांत आंब्याचे आइस्क्रीम फिरू लागले. देल्ला पोर्ताचे नावही न ऐकता माझ्या आईच्या पिढीला त्याची कृती तोंडपाठ झाली.

मग शतकानुशतके लोक नीरोच्या कथेवर विश्वास कसा ठेवत आले? शतकानुशतके नव्हे, माझ्यासारखे अलीकडचेच ठेवत आले, असे मला वाटते. पॉट फिरवलेल्या माणसाला ती कथा पहिल्या वाचनातच खटकली असती. 1971 मध्ये डॅलसच्या मारियानो मार्तिनेझने आइस्क्रीमच्या यंत्रात फेरबदल करून गोठलेल्या मार्गारिटाचे यंत्र बनवले. ते आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आज घरातला फ्रीझर उणे 18 अंशांवर असतो, त्यात वाइन निमूट रवाळ होते. गार करणे आणि गोठवणे यांमधली पायरी यंत्राच्या पोटात गेली आणि आपल्या लक्षातून उतरली. ती पायरी विसरलेल्यालाच हिम आणि वाइन म्हणजे गोठलेली वाइन असे वाटते. पॉट माळ्यावर टाकून मीही तेच केले होते.

त्या संध्याकाळी भाचीने आणि मी एकेक पेला संपवला. आईसाठी नुसत्या स्ट्रॉबेऱ्यांचा वेगळा घाणा फिरवला. तो तिने चवीने खाल्ला आणि मग म्हणाली, “पॉट आत्ताच धुऊन ठेव. मीठ राहिलं तर पत्रा गंजतो.”

पॉट धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी कपाटातला तो आठ वर्षांपूर्वीचा अंक काढला, नीरोचे वाक्य शोधले आणि समासात पेन्सिलीने लिहिले: मीठ कमी पडले.