ओझ्यावरची लेव्ही

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या एका भुसार गाळ्यावर मी दिवाणजी म्हणून आयुष्य काढलं. शेतकऱ्याची पट्टी करायची, हमाली-तोलाई मांडायची आणि महिनाअखेरीला माथाडी मंडळाचा भरणा करायचा. एका रकान्यात मजुरी, शेजारच्या रकान्यात तिच्यावरची लेव्ही. त्या शेजारच्या रकान्याविषयी मला लिहायचं आहे.

कल्याणकारी राज्याचा इतिहास सांगणारे बिस्मार्कने 1883 साली जर्मनीत आणलेल्या आजारविम्यापासून सुरुवात करतात आणि मग ब्रिटनमधल्या 1942 च्या बेव्हरिज अहवालाकडे येतात. दोन्हीकडे मुख्य हिशेब पगारदाराचा. त्याला मालक असतो, हजेरीपट असतो, पगारातून हप्ता कापता येतो.

हमालाला कुठला मालक? सकाळी एकाचा ट्रक उतरवायचा, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा टेम्पो भरायचा. पाठीवर गोणपाट, त्यावर शंभर किलोचं पोतं, हातात आकडा आणि पायाखाली ट्रकला टेकवलेली लवणारी फळी. फळीवरून पाय घसरला आणि माणूस कमरेतून गेला, तर तिघंही म्हणणार, 'तो आमच्याकडे कामाला नाही.' वहीप्रमाणे ते खरंही असे. ते खरं असणं हाच सगळा अन्याय होता.

बाजार नाना पेठ-भवानी पेठेत होता तेव्हा, 1950 च्या दशकात, डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील माथाडींना एकत्र आणत होते. या रेट्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. व्यापारी आणि हमाल दोघांनीही मंडळाकडे नोंद करायची. मजुरी हातावर न टेकवता लेव्हीसह मंडळात भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार. माल कोणाचाही असो, टोळीतल्या प्रत्येकाच्या नावावर जमा होत राहणार. मालक सापडत नव्हता, म्हणून हक्क थेट ओझ्याला बांधला. माझ्या मते ही मराठी मुलखाची मोठी सामाजिक कल्पना आहे आणि आपण तिचं पुरेसं कौतुक केलेलं नाही.

लेव्ही जड होते अशी तक्रार बाजारात कायम असे. पोत्यातल्या मालाचा विमा उतरवायचाच हे सगळ्यांना पटलेलं होतं. पोतं वाहणाऱ्या पाठीचं तेवढं पटायला कायदा लागला.

पंचायत मात्र कायद्यावर विसंबून राहिली नाही. बायकापोरं गावी ठेवून आलेल्या गड्यांना पोटभर, परवडणारं जेवण मिळावं म्हणून 1974 मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू झाली. पुढे 1993 साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत पुण्यातच उभी राहिली. तिथला पेच आणखी अवघड होता. कचऱ्याला धनीच नाही, मग लेव्ही लावायची कोणावर? त्यांनी महापालिकेकडून आधी ओळखपत्रं मिळवली. 2008 पासून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली आणि कामाचे पैसे घरांकडूनच येऊ लागले.

आज पाठीवर मोठी पिशवी घेऊन दुचाकीवर धावणाऱ्या मुलांनाही कंपन्या कामगार म्हणत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. राजस्थानने 2023 साली त्यांच्यासाठी कायदा केला. प्रत्येक व्यवहारामागे कल्याण शुल्क कापायचं. वाचताना मला माझा तो रकाना आठवला. कोथरूड-हडपसरमध्ये डबे पोहोचवणाऱ्या पोरांच्या प्रत्येक खेपेवर अशी लेव्ही लागली पाहिजे, आणि ती कशी भरायची हे पुण्याच्या कुठल्याही जुन्या दिवाणजीला विचारावं.