वेगळ्या अर्थिंगचे खूळ

हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, बैठकीत टॉवर उभारण्याचा विषय निघाला की एक सल्ला हटकून मिळतो: 'टॉवरला स्वतंत्र अर्थिंग घ्या, आणि घराच्या अर्थिंगशी त्याचा संबंध येऊ देऊ नका.' वायरमनही हेच सांगतो, संगणक बसवून देणारा हेच सांगतो, आणि ज्यांच्या गच्चीवर अँटेना अनेक पावसाळे टिकली ते जुने हॅमही हेच सांगतात. इतक्या जाणत्या लोकांचे इतके एकमत झाले की ती गोष्ट तपासून पाहायची गरज कोणाला वाटत नाही. ती तपासली पाहिजे. या सल्ल्याने यंत्रे जळतात, आणि प्रसंगी माणसाच्या जिवावर बेतते.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळाने मांडू. त्याचे म्हणणे तीन कलमी आहे. एक, टॉवरवर पडलेली वीज घराच्या वायरिंगमध्ये शिरू नये. म्हणून दोन्ही अर्थिंग तोडलेले बरे. दोन, घरातले इन्व्हर्टर, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर यांची खरखर अर्थच्या तारेवाटे रेडिओत येते. वेगळ्या अर्थिंगने ती थांबते. तीन, खड्डा खोल घेतला, त्यात मीठ-कोळसा भरला आणि रोध एक-दोन ओहमवर आणला की वीज मुकाट जमिनीत जाते. मग जोडाजोड कशाला?

पहिल्या आणि तिसऱ्या कलमाचा निकाल साध्या गुणाकाराने लागतो. जमिनीवर पडणाऱ्या विजेच्या पहिल्या झोताचा प्रवाह सर्वसाधारणपणे 30 हजार अँपिअरच्या आसपास असतो. काही झोत लाखावर जातात. टॉवरच्या अर्थिंगचा रोध 5 ओहम धरा. 30 हजार गुणिले 5, म्हणजे दीड लाख व्होल्ट. त्या क्षणी टॉवरचा पाया, त्याला जोडलेली केबल आणि केबलला जोडलेला रेडिओ हे सगळे दूरच्या जमिनीपेक्षा दीड लाख व्होल्टने वर असतात. मीठ-कोळसा ओतून रोध 1 ओहमवर आणलात तरी 30 हजार व्होल्ट उरतातच. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी फूटभर मुरूम खणला की काळा पाषाण लागतो. तिथे 1 ओहम मिळवण्यासाठी लोक किती घाम गाळतात हे ज्याने खड्डा घेतला त्याला ठाऊक आहे. एवढे करूनही जे हाती लागते ते 30 हजार व्होल्टच.

आता घराचा खड्डा पाहा. तो टॉवरपासून पन्नास फुटांवर, स्वतंत्र. टॉवरखालची जमीन लाख व्होल्टने उसळली तरी तो तिच्यापेक्षा फार खालीच राहतो. आणि या दोहोंच्या मध्ये काय आहे? तुमचा रेडिओ. त्याच्या पाठीत एका बाजूने टॉवरवरून आलेल्या कोॲक्शियल केबलची जाळी शिरली आहे, दुसऱ्या बाजूने पॉवर सप्लायच्या थ्री-पिनमधून घराची अर्थची तार. म्हणजे दोन अर्थिंग 'वेगळी' ठेवली असे आपण म्हणतो तेव्हा ती वेगळी नसतातच. त्यांना जोडणारी तार जमिनीतून घालण्याऐवजी आपण ती रेडिओच्या पोटातून घातलेली असते, आणि तिथून विजेचा मोठा वाटा जाणार असतो. रेडिओला हात लावून बसलेला माणूसही त्याच वाटेवर येतो.

यावर काही चतुर मंडळी थ्री-पिनची अर्थची पिनच काढून टाकतात. वेगळ्या अर्थिंगचा सिद्धांत प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेला तर तो इथेच येऊन पोचतो. पण हजारो व्होल्टना पिन काढल्याने अडत नाही. ते सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फोडून फेज आणि न्यूट्रलवर उडी मारतात. आणि वीज न पडताही, सप्लायमध्ये नुसता बिघाड झाला तरी, लोखंडी पेटी जिवंत होऊन बसते.

रोजच्या बिघाडाचेही गणित करून पाहा. टॉवरवर काम चालू आहे, ड्रिल मशीनची वायर कुठेतरी सोलवटली आणि फेज टॉवरच्या लोखंडाला टेकली. टॉवरच्या स्वतंत्र अर्थिंगचा रोध 10 ओहम, रोहित्राच्या बाजूचा 5 ओहम धरू. 230 भागिले 15, म्हणजे जेमतेम 15 अँपिअर. एवढ्याने 16 अँपिअरचा एमसीबी पडत नाही. टॉवर दीडशे व्होल्टवर जिवंत राहतो, आणि टॉवरवरचा माणूस एका हाताने तो आणि दुसऱ्या हाताने घराच्या अर्थला जोडलेले ड्रिल धरून असतो. दोन्ही अर्थिंग जोडलेली असतील तर त्याच्या दोन हातांतला फरक तरी मिटतो. जिथे पुरवठ्याबरोबर अर्थची तार येते तिथे बिघाडाचा प्रवाह त्या धातूच्या वाटेने परत जाऊन एमसीबी तत्काळ पाडतो. जिथे घराचा फक्त स्वतःचा खड्डा आहे तिथे जोडणीच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच हवा. त्याला पर्याय नाही.

हे कोणाला नवे वाटेल, पण यातले तत्त्व फार जुने आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1876 साली बंदुकीच्या दारूच्या कारखान्याविषयी असे मांडले होते की इमारत सर्व बाजूंनी, तळासकट, धातूने वेढली तर तिला जमिनीशी जोडण्याचीही गरज नाही. बाहेर काहीही होवो, आत व्होल्टेजचा फरकच पडणार नाही. उडत्या विमानांवर आजही वीज पडते. विमानाला खड्डा कुठला आणि मीठ-कोळसा कुठला? तरी प्रवासी सुखरूप उतरतात, कारण सगळे धातूचे कवच एकजीव असते. माणसाला आणि यंत्राला मारतो तो दोन टोकांमधला फरक. जमिनीतला रोध कमी असणे चांगलेच, पण ती दुय्यम गोष्ट आहे.

दुसरा दाखला थेट रेडिओच्या घराण्यातला आहे. 1888 साली ऑलिव्हर लॉज यांनी लेडन जारच्या साहाय्याने विजेच्या छोट्या आवृत्त्या पाडून पाहिल्या. जाड तांब्याची तार समोर असताना ठिणगी ती सोडून शेजारच्या हवेतल्या फटीतून उडी मारते, असे त्यांना दिसले. तारेचा रोध नगण्य होता, पण प्रवाह इतक्या झपाट्याने वाढतो की तारेचे प्रेरण, म्हणजे इंडक्टन्स, त्याला अडवते. त्याच वर्षी बाथ येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात ब्रिटिश पोस्ट खात्याचे विल्यम प्रीस आणि लॉज यांचा यावर जाहीर वाद झाला. प्रीस यांची भिस्त रोधावर आणि खात्याच्या दीर्घ अनुभवावर होती. वीज मागे-पुढे हेलकावते हे लॉज यांचे म्हणणे पुढे टिकले नाही. पण प्रेरणाचा मुद्दा टिकला. आजचा हिशेब असा: साध्या तारेचे प्रेरण मीटरमागे सुमारे 1 मायक्रोहेन्री. 30 हजार अँपिअर 5 मायक्रोसेकंदांत चढले तर 10 मीटर तारेच्या दोन टोकांत 60 हजार व्होल्ट पडतात, मग तार कितीही जाड असो. याच प्रयोगांतून लॉज तारेवरच्या विद्युतचुंबकीय लहरींकडे वळले. ज्या शास्त्रावर आपला छंद उभा आहे त्याची एक वाट विजेच्या तारेवरूनच गेली आहे. त्या वाटेवर शिकलेला धडा हॅमनी तरी विसरू नये.

उरले दुसरे कलम, खरखरीचे. यात तथ्यांश आहे. घरातल्या स्वस्त चार्जरांचा गोंगाट केबलच्या बाहेरच्या अंगावरून रेडिओत शिरतो, हे खरे. पण त्यावर वेगळे अर्थिंग हा उपाय नाही. 14 मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 21 मीटर, तिचा चौथा हिस्सा सव्वापाच मीटर. पहिल्या मजल्यावरच्या खोलीतून खाली जमिनीत गेलेली अर्थची तार साधारण तेवढीच भरते, आणि पाव तरंगाची तार खालच्या टोकाला जमिनीला जोडली की वरच्या टोकाला जवळजवळ तुटलेल्या तारेसारखी वागते. म्हणजे ज्या पट्ट्यात तुम्ही बोलता त्या पट्ट्यात तुमचे हे 'शुद्ध' अर्थिंग अर्थिंगच नसते. उलट ती तार स्वतःच अँटेना होऊन घरातला गोंगाट गोळा करते. खरखरीचा इलाज फेराइट कड्यांतून केबलचे वेढे घेऊन चोक बनवणे आणि गोंगाट करणारा चार्जर शोधून फेकून देणे, हा आहे.

मग करायचे काय? नियम सांगतात तेच. विजेपासून संरक्षणाची आयएस/आयईसी 62305 ही मानकमालिका सगळे धातू एका पातळीवर बांधायला सांगते. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता अँटेनाचा अर्थ रॉड वेगळा घेतला तर तो इमारतीच्या अर्थिंगला किमान 6 गेजच्या, म्हणजे सुमारे 13 चौरस मिलिमीटरच्या, तांब्याच्या तारेने जोडायला लावते. त्यामुळे टॉवरला स्वतंत्र रॉड जरूर घ्या. एक नव्हे, टॉवरपासून चहूकडे पसरलेले तीन-चार घ्या, एकमेकांपासून रॉडच्या लांबीच्या दुपटीवर. पण ते सगळे आपसांत आणि शेवटी घराच्या अर्थिंगशी जमिनीखालून जोडा. तारेऐवजी रुंद पट्टी वापरा, काटकोनी वळणे टाळा. केबलची जाळी टॉवरच्या माथ्याशी आणि पायथ्याशी टॉवरला बांधा. घरात शिरताना अँटेनाच्या केबली आणि रोटेटरची केबल एकाच धातूच्या पत्र्यावरून, अरेस्टरमधून न्या; रेडिओच्या खोलीचा वीजपुरवठाही त्याच पत्र्याशी संरक्षक बसवून आत घ्या. घराची पातळी टॉवरबरोबर वर चढते तेव्हा बाहेरच्या खांबावरून आलेली तार खालीच राहते. म्हणून मीटरशीही सर्ज संरक्षक हवा. पूर्वपक्षाची 'वीज घरात शिरेल' ही भीती याच जागी खरी आहे, आणि तिचे उत्तर याच जागी मिळते.

एक आक्षेप मात्र पूर्वपक्षाने घ्यायला हवा होता, तो मीच घेतो. तांबे आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड ओल्या मातीत एकत्र जोडले की बॅटरी तयार होते आणि लोखंड झिजते. टॉवरला धरून ठेवणाऱ्या गाय-वायरींचे अँकर असे जमिनीखाली नकळत खाल्ले गेले तर वीज न पडताही टॉवर आडवा होईल. हा धोका खरा आहे. म्हणून अँकरपाशी तांब्याचा रॉड ठोकू नका, जीआयचा ठोका. टॉवरच्या पायाशी तांबे थेट जस्तावर न दाबता मध्ये स्टेनलेस स्टीलचा तुकडा घ्या. आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एका वेळी एकाच अँकरभोवतीची वरची फूटभर माती हलक्या हाताने बाजूला करून गंज पाहा. जोड ढिले झालेत का, पट्टी तुटली का, हेही तेव्हाच पाहा. मीटरवर रोधाचा आकडा चांगला आला म्हणून जोड शाबूत आहेत असे होत नाही.

केबल काढून ठेवण्याची सवय चांगली, पण काढलेले टोक खोलीत लोंबकळत ठेवू नका. बाहेरच्या पत्र्यावर अर्थला जोडून ठेवा. तेही ढग येण्याआधी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे (आयआयटीएम) 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. गडगडाट ऐकू आल्यावर केबलला हात लावायची वेळ टळून गेलेली असते.

'आमच्याकडे इतकी वर्षे वेगळेच आहे, काही झाले नाही', असे कोणी म्हणेल. इतकी वर्षे वीज पडली नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. येत्या वळवाच्या आधी आपल्या टॉवरच्या पायथ्यापासून घराच्या अर्थिंगपर्यंत सलग धातूची वाट आहे का ते स्वतः चालत जाऊन पाहा. नसेल तर परवानाधारक वायरमन बोलवा आणि पट्टी घाला. 'वेगळे ठेवू या' असे तो म्हणालाच, तर त्याला दीड लाख व्होल्टचा गुणाकार कागदावर करून दाखवा.